औषध निवडावे ते चालू राहील असे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा लेख मागितला, तेव्हा ‘व्यवसायातील एखादी आठवण लिहा’ असे सुचविले होते. चार दशकांच्या प्रॅक्टिसमध्ये आठवणींना तोटा नसतो. परंतु गेली काही वर्षे एक विषय मनात घर करून बसला आहे आणि तो आठवणीपेक्षा मताचा अधिक आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपण ज्याला ‘एम.एस.’ म्हणतो, त्या विकाराच्या रुग्णाला वर्षानुवर्षे घ्यावयाचे औषध कोणते द्यावे आणि ते ठरविताना कशाला प्राधान्य द्यावे, हा तो विषय.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की मी न्यूरॉलॉजिस्ट नव्हे. देवासला आयुष्य घालविलेला एक फिजिशियन आहे. या रोगाचे निदान इंदूरला होते, औषधाची चिठ्ठी इंदूरला लिहिली जाते. परंतु रुग्ण राहतो देवासला, धारला, सोनकच्छला, कुक्षीला. ताप आला, लघवी अडली, पाय उचलेनासा झाला, की रात्री अकरा वाजता दार वाजते ते आपले. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार आपल्यासारख्या लहान गावच्या डॉक्टरांनाही आहे, असे मी मानतो.

देवासचा माणूस दीर्घकालीन आजाराविषयी लिहू लागला की त्याला कुमार गंधर्वांची आठवण होणारच. १९४८ च्या जानेवारीत कुमारजी क्षयाने जर्जर होऊन येथील कोरड्या हवेसाठी देवासला आले. पुढील काही वर्षे अंथरुणावर गेली. गाणे बंद, बोलणेही मोजके. स्ट्रेप्टोमायसिन हाती आले, भानुमतीबाईंनी अहोरात्र शुश्रूषा केली आणि एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेला तो गायक पुन्हा उभा राहून १९९२ पर्यंत गात राहिला. ही कथा आपल्या गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. मात्र त्याच १९४८ साली वैद्यकाच्या इतिहासात जे घडले ते आपण डॉक्टरमंडळीही विसरतो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनची सुप्रसिद्ध चाचणी त्या वर्षी प्रसिद्ध केली. औषध अपुरे होते, सर्वांना पुरणारे नव्हते, म्हणूनच रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निःपक्षपाती रीतीने करणे योग्य ठरले. त्या चाचणीने दोन धडे दिले. औषधाने रुग्ण सुधारतात, हा पहिला. आणि एकट्या स्ट्रेप्टोमायसिनला जंतू लवकरच दाद देईनासे होतात, तेव्हा औषध सापडले एवढ्याने काम भागत नाही, ते कशाबरोबर, किती काळ आणि किती नियमित घ्यावयाचे यावर सारे अवलंबून असते, हा दुसरा. पुढे क्षयाच्या बाबतीत आपल्या देशाने हा दुसरा धडा गिरविला. औषध रुग्णाच्या घराजवळ, मोफत आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली मिळण्याची व्यवस्था २००६ पर्यंत देशातील सर्व जिल्ह्यांत पोहोचली. एम.एस.च्या बाबतीत आपण अजून पहिल्याच धड्यावर अडलो आहोत.

डॉक्टर नसलेल्या वाचकांसाठी रोगाची थोडक्यात ओळख करून देतो. विजेच्या तारेवर जसे वेष्टन असते तसे मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतील या आवरणावर उलटते. एकाएकी एका डोळ्याने अंधूक दिसू लागते, कमरेखाली बधिरपणा येतो, चालताना तोल जातो. काही आठवड्यांत बहुतेक लक्षणे ओसरतात आणि रुग्ण ‘बरा’ होतो. काही महिन्यांनी अथवा वर्षांनी रोग पुन्हा उचल खातो. प्रत्येक उचलीमागे थोडेसे नुकसान शिल्लक राहते, आणि झटके येत नसतानाही आत झीज चालूच असते. रोग बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. म्हणजे नोकरी नुकती लागलेली, लग्न नुकते झालेले, मांडीवर लहान मूल, अशा वयात.

हा रोग थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा, आपल्याकडे नाही, असे आमच्या विद्यार्थिदशेत शिकविले जाई. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया यांच्यासारख्या न्यूरॉलॉजिस्टांनी पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो, हे दाखवून दिले. एम.आर.आय. सर्वत्र आल्यावर इतर समाजांतही रुग्ण दिसू लागले. मंगळूर शहरातील २०१४ च्या पाहणीत दर लाखामागे सुमारे आठ रुग्ण आढळले. हे प्रमाण आपल्याकडे लागू पडते असे गृहीत धरले, तर धार आणि देवास या दोन जिल्ह्यांच्या लोकसंख्येत, जी २०११ च्या जनगणनेनुसार साडेसदतीस लाखांच्या घरात होती, अडीचशे ते तीनशे रुग्ण असावेत. हा माझा ढोबळ हिशेब आहे, गणना नव्हे. पण त्यांतील किती जण आपल्याला ठाऊक आहेत, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहीत आहे तो सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माहेर धारचे, सासर देवासचे, अशी एक शिक्षिका. २००२ साली धारला असताना तिचा उजवा डोळा अंधूक झाला आणि महिन्याभरात सुधारला. २००४ साली देवासला दोन्ही पाय जड पडले. इंदूरला एम.आर.आय. झाला, निदान झाले आणि आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इंटरफेरॉनचे इंजेक्शन सुरू झाले. तिचे यजमान एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीला. दर महिन्याला ते इंदूरहून बर्फाच्या थर्मासमध्ये औषध घेऊन बसने येत. इंजेक्शन मी देत असे. प्रत्येक इंजेक्शननंतर तिला रात्रभर थंडी वाजून ताप येई, पण दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. औषधाचा महिन्याचा खर्च पगाराहून मोठा. थोरल्या दिरांनी कर्ज काढले, माहेरच्यांनी जमिनीचा तुकडा विकला. चौदा महिने असे गेले. एक दिवस दोघेही आले. यजमानांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, वर्षभरात एकही झटका नाही. काही दिवस औषध थांबवले तर चालेल का?”

मी म्हणालो, “प्रकृती उत्तम आहे. चार-सहा महिने थांबायला हरकत नाही. पैसे जमले की पुन्हा सुरू करू.”

सात महिन्यांनी रोगाने उचल खाल्ली. स्टेरॉइडने थोडा उतार पडला, परंतु डावा पाय पूर्ववत झाला नाही आणि लघवीवरचा ताबा गेला. इंटरफेरॉन पुन्हा सुरू होऊ शकले नाही. २०१२ मध्ये तिने व्हीलचेअर घेतली.

औषध चालू असते तर तो झटका आला नसता, असे छातीठोकपणे कोणीही सांगू शकणार नाही. इंटरफेरॉनने झटक्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाने घटते, त्याहून अधिक नाही. माझी चूक वेगळी होती. ‘झटका नाही म्हणजे रोग नाही’ असे मी मनोमन धरून चाललो. औषध यासाठीच असते की काही घडू नये, आणि काही घडले नाही की त्याची गरज नव्हती असे वाटू लागते. रक्तदाबाच्या रुग्णाला मी रोज हेच समजावतो. येथे मीच विसरलो. आणि इंदूरच्या तज्ज्ञांना एक फोन करून ‘याहून स्वस्त, पण न थांबणारा मार्ग आहे का’ एवढेही विचारले नाही.

त्या काळी पर्याय फार नव्हते, हे खरे. १९९३ मध्ये अमेरिकेत पहिले इंटरफेरॉन मान्य झाले आणि १९९६ मध्ये ग्लाटिरामर. दोन्ही इंजेक्शने, दोन्ही महाग, दोन्ही बऱ्यापैकी निर्धोक, पण परिणाम मध्यम. गरीब रुग्णाला अॅझाथायोप्रिनच्या गोळ्यांवर ठेवले जाई. २००४ मध्ये नॅटालिझुमॅब आले. ते प्रभावी खरे, परंतु जे.सी. विषाणूमुळे होणाऱ्या मेंदूच्या घातक संसर्गामुळे २००५ मध्ये मागे घ्यावे लागले आणि २००६ मध्ये कडक देखरेखीच्या अटींवर परत आले. त्यानंतर गोळ्यांचे युग आले. २०१० मध्ये फिंगोलिमॉड, २०१२ मध्ये टेरिफ्लुनोमाइड, २०१३ मध्ये डायमिथाइल फ्यूमरेट. मग २०१७ मध्ये सहा महिन्यांतून एकदा शिरेतून द्यावयाचे ऑक्रेलिझुमॅब, २०१९ मध्ये दोन वर्षांत मोजक्या दिवसांच्या दोन फेऱ्यांत संपणाऱ्या क्लॅड्रिबिनच्या गोळ्या आणि २०२० मध्ये घरी महिन्यातून एकदा टोचून घेता येणारे ऑफाटुमुमॅब. तीस वर्षांपूर्वी ज्या रोगावर टिकाऊ असे काहीच नव्हते, त्यावर आज डझनाहून अधिक औषधे आहेत. त्यांपैकी डायमिथाइल फ्यूमरेट, टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड यांच्या भारतीय कंपन्यांनी तयार केलेल्या स्वस्त गोळ्या आज मिळतात. अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झालेल्या जेनेरिक ग्लाटिरामरच्या मागेही हैदराबादची कंपनी आहे.

अशा स्थितीत निवड कशी करावी? मोठ्या शहरांतील परिषदांतून दोन पक्षांची चर्चा ऐकू येते. एक पक्ष म्हणतो, सौम्य औषधाने प्रारंभ करा, भागले नाही तर पायरी चढा. दुसरा म्हणतो, पहिल्या काही वर्षांतील नुकसान भरून येत नाही, तेव्हा प्रभावी औषध आरंभीच द्या. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण आपल्या गावांच्या दृष्टीने एक तिसरा प्रश्न या दोहोंच्या आधी येतो: हे औषध या घरात, या गावात, दहा वर्षे अखंड चालू राहील का? आणि काही कारणाने खंड पडलाच, तर काय होईल?

या कसोटीला लावले की औषधांची क्रमवारी बदलते. फिंगोलिमॉडची गोळी दिसायला सोयीची. पहिल्या मात्रेनंतर नाडी मंदावते म्हणून सहा तास निरीक्षण ठेवले की पुढे रोज एक गोळी. परंतु ती एकाएकी थांबली तर काही आठवड्यांत रोग पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो. नॅटालिझुमॅबचेही तसेच. दुकानात साठा संपला, लग्नकार्यात महिनाभर गावी गेले, पैसे अडले, ही आपल्याकडची नित्याची कारणे. अशा घरात ही गोळी विचारपूर्वकच द्यावी. टेरिफ्लुनोमाइड शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते आणि गर्भाला अपायकारक आहे. ज्या वयातील मुलींना हा रोग होतो त्या वयात ही अडचण लहान नव्हे. डायमिथाइल फ्यूमरेट मध्यम परिणामाचे, परंतु लिम्फोसाइटची गणना वेळोवेळी केली तर आपल्याकडे सहज चालविता येण्याजोगे. इंटरफेरॉन आणि ग्लाटिरामर यांचा मोठेपणा असा की मूल हवे असलेल्या स्त्रीला ती तुलनेने निर्धास्तपणे देता येतात. म्हणून ती अडगळीत टाकण्याजोगी नाहीत.

या साऱ्यांत मला सर्वांत आशादायक वाटते ते रितुक्सिमॅब. औषध जुने आहे, लिम्फोमासाठीचे. २००८ मध्ये एकशेचार एम.एस. रुग्णांवरील चाचणीत त्याने मेंदूतील नवे सूजेचे डाग नव्वद टक्क्यांहून अधिक घटविले. परंतु मूळ कंपनीने पुढील मोठ्या चाचण्या त्याच जातकुळीच्या नव्या ऑक्रेलिझुमॅबवर केल्या आणि रितुक्सिमॅब या रोगासाठी अधिकृत मान्यतेविनाच राहिले. त्यामागील व्यापारी हिशेब समजण्यासारखा आहे, पण त्याची किंमत गरीब देशांच्या रुग्णांनी मोजली. स्वीडनच्या डॉक्टरांनी मात्र ते मोठ्या प्रमाणावर वापरले. २०२२ मध्ये तेथील सुमारे दोनशे रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत डायमिथाइल फ्यूमरेटवरील सोळा टक्के रुग्णांना झटका आला, तर रितुक्सिमॅबवरील केवळ तीन टक्क्यांना. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.साठी प्रथमच तीन औषधे घातली: ग्लाटिरामर, क्लॅड्रिबिन आणि रितुक्सिमॅब. आणि रितुक्सिमॅबची जैव-समरूप आवृत्ती जगात प्रथम बाजारात आणली ती भारताने, २००७ साली. ज्या वर्षी माझी ती रुग्ण काठीच्या आधाराने चालत होती, त्याच वर्षी हैदराबादला हे औषध तयार होत होते, फक्त दुसऱ्या रोगासाठी.

लहान गावाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक गुण आहे: ते विलंब सोसते. परिणाम बराच काळ टिकतो. पीथमपूरच्या कारखान्यातील एक तरुण अभियंता २०१९ पासून इंदूरला सहा महिन्यांतून एकदा जाऊन हे औषध घेतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याची मात्रा साडेतीन महिने लांबली, पण रोगाने डोके वर काढले नाही. एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये, हे मान्य. पण औषधाचा स्वभाव लक्षात यावा म्हणून सांगितले.

आणखी एक वैद्यकीय कारण आहे आणि ते माझ्या व्यवसायबंधूंनी विशेष ध्यानात घ्यावे. आपल्याकडे एम.एस.सारखाच दिसणारा, पण वेगळा असा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा विकार कमी नाही. २००४-०५ मध्ये त्याच्या प्रतिपिंडाचा आणि अॅक्वापोरिन-४ या लक्ष्याचा शोध लागल्यापासून रक्ताच्या तपासणीने तो ओळखता येतो. इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटालिझुमॅब ही औषधे त्या विकारात दिली तर रोग बिघडू शकतो. रितुक्सिमॅब त्यातही उपयोगी पडते. म्हणून दोन्ही डोळे एकदम गेले, मज्जारज्जूवर लांबलचक डाग दिसला, उचकी-उलटी थांबेना, अशा रुग्णाची ही प्रतिपिंडे आणि शक्य तर ‘मॉग’ प्रतिपिंडेही तपासल्याविना दीर्घ औषध सुरू करू नये.

मी रितुक्सिमॅबचा प्रचारक नव्हे. त्यावरील आक्षेप खरे आहेत. ते प्रतिकारशक्तीच्या ‘बी’ पेशी नाहीशा करते. सुप्त हिपॅटायटिस-बी त्यामुळे जागा होऊन यकृत निकामी होऊ शकते. म्हणून केवळ पृष्ठभागीय प्रतिजन तपासून थांबू नये, ‘कोअर’ प्रतिपिंडही तपासावे. क्षयाचा देश आपला, तेव्हा छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी आधी व्हावी. त्या अभियंत्याच्या बाबतीत सुप्त क्षय आढळला, आधी प्रतिबंधक औषध दिले, मग मार्ग मोकळा झाला. लसी शक्यतो आरंभापूर्वीच टोचून घ्याव्यात. वर्षानुवर्षे घेतल्यास रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन घटतात आणि संसर्ग वाढतात, म्हणून त्यांची मोजणी करीत राहावे. कोविडच्या साथीत या औषधावरील रुग्णांना आजार तीव्र होण्याचा धोका अधिक होता, हेही विसरू नये. परंतु या तपासण्यांत असे काय आहे जे इंदूरला सोडाच, धार-देवासला होऊ शकत नाही? रक्त येथे काढता येते, एक्स-रे येथे निघतो. शिरेतून औषध देण्यासाठी इंदूरला जावे, बाकीची राखण आपण करावी.

तीन सवयी आपण डॉक्टरांनी सोडल्या पाहिजेत, असे मला नम्रपणे वाटते. पहिली, स्टेरॉइडची. मिथाइलप्रेडनिसोलोनने झटका लवकर ओसरतो, पण रोगाची पुढली वाटचाल बदलत नाही. महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोनच्या गोळ्या चालू ठेवल्याने एम.एस.ला लगाम बसत नाही, हाडे मात्र झिजतात आणि साखर वाढते. दुसरी, प्रत्येक अशक्तपणाला झटका समजण्याची. माळव्याच्या रात्री कितीही शीतल म्हणून वाखाणल्या, तरी मे महिन्याची दुपार ती दुपारच. उष्णतेने किंवा तापाने जुनी लक्षणे तात्पुरती वर येतात, हे उथहॉफ यांनी १८९० मध्येच सांगून ठेवले आहे. अशा वेळी ओली पट्टी, पंखा आणि लघवीच्या संसर्गाची तपासणी ही पहिली औषधे होत. तिसरी सवय ही की चमत्काराची जाहिरात आली तर गप्प बसण्याची. २००९ मध्ये मानेच्या शिरा रुंद केल्या की हा रोग बरा होतो, असा सिद्धांत इटलीतून निघाला. जगभर रुग्णांनी पैसे ओतले, आणि पुढे त्याच देशातील काटेकोर चाचणीत तो उपाय निष्फळ ठरला. आज ‘स्टेम सेल’च्या नावाने दुकाने थाटलेली आहेत. निवडक रुग्णांत, मोठ्या केंद्रांत, केमोथेरपी देऊन केले जाणारे मूळपेशी-प्रत्यारोपण हा गंभीर उपचार आहे. पाठीत इंजेक्शन टोचून लाखो रुपये घेणे हा तो नव्हे. घर विकू पाहणाऱ्या रुग्णाला हे सांगण्याचे धैर्य आपल्याखेरीज कोण दाखविणार?

औषध कधी थांबवावे, हाही प्रश्न रुग्ण विचारतात. पंचावन्न वर्षांवरील, दीर्घकाळ स्थिर असलेल्या रुग्णांवरील अमेरिकन चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध चालू ठेवलेल्यांत सुमारे पाच टक्क्यांना, तर थांबविलेल्यांत सुमारे बारा टक्क्यांना रोगाची नवी हालचाल दिसली. म्हणजे उतारवयात थांबविण्याचा विचार तज्ज्ञांबरोबर करता येतो, परंतु तो विचार असावा, नाइलाज नसावा. पस्तिशीतल्या रुग्णाला तर हे उदाहरण लागूच नाही.

शेवटी पैशाचा प्रश्न. आयुष्मान योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. घरी वर्षानुवर्षे घ्यावयाच्या गोळ्यांचा भार कुटुंबावरच राहतो. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात एम.एस.चा समावेश झाला, ही मोठी गोष्ट घडली. परंतु झटक्यांमधल्या काळात रुग्ण हसतमुख चालत येतो, तेव्हा प्रमाणपत्राच्या रांगेत त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. तेथे आपल्या दोन ओळींच्या पत्राचा उपयोग होतो. ते द्यायला आळस करू नये. आणि विषाद असा की धार जिल्ह्यातील पीथमपूरला औषधांचे कारखाने आहेत, तेथील गोळ्या समुद्रापार जातात. त्याच जिल्ह्यातील रुग्ण औषधाविना बसतो. दोष कारखान्यांचा नव्हे. मधली साखळी कोणी जोडलेली नाही.

म्हणून आपल्या संस्थेपुढे तीन लहान सूचना ठेवतो. एक, दोन्ही जिल्ह्यांतील अशा रुग्णांची, नावे गोपनीय राखून, नोंदवही ठेवावी. कोण कोणत्या औषधावर, पुढली मात्रा कधी, कोणती तपासणी बाकी, एवढेच त्यात असावे. दोन, ज्याची मात्रा पैशांवाचून चुकणार आहे त्याच्यासाठी लहानसा फिरता निधी असावा. आपल्या गणेशोत्सवाच्या दहा दिवसांच्या खर्चातील एका दिवसाचा जरी वाटा त्यासाठी दिला, तरी गजानन रागावणार नाही. तीन, रितुक्सिमॅब जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत या रोगासाठी आले आहे, याचा आधार घेऊन ते या रुग्णांना सरकारी रुग्णालयांतून मिळावे, असे निवेदन सर्वांच्या सह्यांनी राज्य शासनाकडे द्यावे.

ती शिक्षिका आज सत्तेचाळीस वर्षांची आहे. व्हीलचेअरवर बसून मोहल्ल्यातल्या मुलांना गणित शिकविते. मागच्या उन्हाळ्यात मी तिला वीस वर्षांपूर्वीच्या त्या सल्ल्याबद्दल क्षमा मागितली. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेब, त्या वेळी तुम्ही ‘थांबवू नका’ म्हणाला असता, तरी आम्ही थांबवलेच असते. पैसेच नव्हते. पण तुम्ही ‘हरकत नाही’ म्हणालात, म्हणून आम्ही पुन्हा कुठे विचारलेच नाही.”

हे वाक्य मी विसरू शकत नाही. औषध परवडणे आपल्या हाती नसते. ‘हरकत नाही’ न म्हणणे, आणि ‘आणखी कुठे विचारू या’ म्हणणे, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती असते. एवढे जरी आपण सर्वांनी मनावर घेतले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.

इत्यलम्.